चाकावरची काळी धूळ

तुमच्या घरी चारचाकी असेल तर एक करून बघा. जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा ओला करा आणि गाडीच्या पुढच्या चाकाच्या मधल्या चकचकीत भागावरून फिरवा. दुसरा तुकडा मागच्या चाकावरून. पुढचा तुकडा तव्याचं बूड पुसल्यासारखा काळा होईल, मागचा त्या मानाने बराच उजळ राहील. आता तो काळा तुकडा वाटीभर पाण्यात पिळा, एखादं चांगलं दणकट लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या पाण्यात फिरवा. पिशवीला बारीक काळी मिशी फुटेल.

शाळेतल्या विज्ञानाच्या तासासारखं वाटलं ना? पण मी काही शिक्षिका नाही. मोटार दुरुस्तीवाल्याची बायको आहे. साताऱ्यात आमचं गॅरेज आहे, मामंजींनी काढलेलं. १९८४ साली लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हापासून ही काळी धूळ माझ्या घरात आहे. माझ्या धुण्याच्या बादलीत होती, ह्यांच्या कॉलरवर होती, रोज सकाळी अंगणातल्या तुळशीच्या पानांवर होती. ती नेमकी कसली, ते मात्र मला अडतीस वर्षांनी कळलं.

तेव्हा गॅरेज घराच्या अंगणातच होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन पोरं हाताखाली. सासूबाईंचं राज्य उंबऱ्याच्या आत आणि मामंजींचं बाहेर. सासूबाईंची शिस्त मोठी करडी हो! सडा शिंपडल्याशिवाय अंगणाला झाडू लावायचा नाही. घरात केर काढायचा तर आधी दुधाचं पातेलं झाकायचं. कपाटावरची धूळ कोरड्या फडक्याने झटकलेली दिसली की म्हणायच्या, "अगं, तू धूळ काढत नाहीयेस, तिला फिरायला नेते आहेस!"

आणि त्याच अंगणात, त्यांनी सडा शिंपडून तास झाला नाही तोवर, कुणाच्या तरी गाडीचं चाक उतरवलेलं असायचं. चाक काढलं की आत ब्रेकचा ड्रम. ड्रम उपसला की आत करड्या पिठाचा थर. गव्हाच्या पिठापेक्षाही मऊ. तो कसा काढायचा? तर हवा मारायची. आधीच्या काळी तोंडाने फुंकर, मग काँप्रेसर आला तेव्हा पिस्तुलासारख्या नळीने. भस्सकन ढग उठायचा. पोरं डोळे मिटून तोंड फिरवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. नवीन लायनर बसवायचं तर ते आधी पॉलिश पेपरवर घासायचं, म्हणजे आणखी पीठ. गिरणीवाला दिसतो तसे हे संध्याकाळी दिसायचे, फक्त पांढऱ्याच्या जागी करडे.

ते खाकी कपडे मी धुवायची. ह्या एका बाबतीत मात्र सासूबाईंची शिस्त उलटी होती. "आधी झटकून घे चांगले," त्या सांगायच्या, "नाहीतर सगळा साबण त्या मातीतच जातो." त्यांनी वीस-बावीस वर्षं तसेच धुतले होते, मीही तसेच धुऊ लागले. दगडावर शर्ट आपटायचा, दोन हातांत धरून फटकारायचा, मग बादलीत. शिंका यायच्या. शिंका काय, तिखट कुटतानाही येतातच की!

आता २०२२ साली या. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधीच्या तपासण्यांत छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण, आमच्या धाकट्याच्या वयाचा. फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. मग विचारतो, "काका, काम काय करता?"

"गॅरेज आहे."

"किती वर्षं?"

"पन्नास धरा. तेराव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली."

"ब्रेकची कामं?"

"सगळीच. ब्रेकची तर रोजच."

मग त्याने आम्हाला समजेल असं सांगितलं. फुफ्फुसाच्या बाहेरून एक पातळ आवरण असतं. ह्यांच्या त्या आवरणावर जागोजाग चट्टे पडून घट्टे धरले होते. चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि त्यांनी काही त्रासही व्हायचा नाही. पण कधीकाळी छातीत अॅस्बेस्टॉसचे तंतू गेले होते, त्याची ती खूण. ती उमटायलाच वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. लक्ष मात्र ठेवायचं, खोकला, दम वाढला तर लगेच यायचं. एवढं बोलून तो माझ्याकडे वळला.

"काकू, ह्यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

मी मांडीवर पर्स घेऊन बसले होते. डबा, रिपोर्टची पिशवी, पाण्याची बाटली, सगळं त्यांच्यासाठी आणलेलं. आपण रोग्याबरोबर आलोय, अशा थाटात होते. "मीच," म्हटलं.

"मग तुमचाही एक फोटो काढून टाकू."

माझा फोटो स्वच्छ निघाला. रिक्षात हे एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर चहा पुढे ठेवला तेव्हा म्हणाले, "आईनं माझे आणि दादांचे मिळून पुष्कळ वर्षं धुतले." सासूबाई २००१ साली गेल्या. शेवटी शेवटी माजघरातून अंगणात यायचं तरी दोनदा थांबायच्या. छातीचा फोटो काढावा असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आता त्यावरून तर्क करण्यात अर्थ नाही. अर्धं आयुष्य चुलीचा धूर त्यांनी खाल्लेला होता. पण ह्यांनी तो चहा तसाच ठेवला.

डॉक्टरने कपड्यांचं विचारलं ते उगीच नव्हे. १९६५ साली लंडनमध्ये डॉक्टर मंडळींनी एका रुग्णालयातले जुने रोगी तपासले. छातीच्या आवरणाचा दुर्मीळ कॅन्सर झालेले ते रोगी. त्यांत बायका सापडल्या, ज्या अॅस्बेस्टॉसच्या कारखान्याची पायरीही चढल्या नव्हत्या. त्यांचे नवरे किंवा घरातलं कुणी तिथं कामाला होतं, आणि ते कपडे ह्या घरी धुवायच्या. मैत्रिणींनो, ती ओळ मी वाचली तेव्हा माझ्या हाताला तो शर्ट लागला हो!

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून पुढचंही सांगते. त्या कारखान्यांतली धूळ आणि गॅरेजातली धूळ एक नव्हे. ब्रेक लावला की जी उष्णता होते तिने लायनरमधल्या अॅस्बेस्टॉसचा मोठा भाग भाजून निराळाच पदार्थ होतो, तंतू म्हणून थोडाच उरतो. नवीन लायनर घासताना मात्र तो जसाच्या तसा उडतो. हे खनिज आगीत जळत नाही म्हणून तर ब्रेकमध्ये घालत. त्या काळच्या लायनरमध्ये ते निम्म्याच्या घरात असे. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस त्यावर बंदी घातली, युरोपने २००५ पासून. अमेरिकेने उरलासुरला वापर बंद करायचा निर्णय अगदी २०२४ साली घेतला. आपल्याकडे सरसकट बंदी नाही. नव्या गाड्यांत ते आता घालत नाहीत, पण बाजारातल्या हलक्या लायनरबद्दल मी शपथ घेणार नाही. म्हणून गॅरेजवाल्याला सांगा, खोक्यावर 'अॅस्बेस्टॉस नाही' असं छापलेलं असेल तेच बसव. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

आता आमच्या घरातलं महाभारत ऐका.

ऑपरेशन होऊन महिन्याभराने हे गॅरेजात जायला लागले. गॅरेज आता घरापासून लांब, मोठ्या रस्त्यावर आहे. मी डबा घेऊन गेले तर काय दिसावं? हाताखालचा नवीन पोरगा, मिसरूडही धड न फुटलेला, ड्रमसमोर उकिडवा बसून हवा मारतोय आणि ढगात हरवलाय. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आता त्यात अॅस्बेस्टॉस नसतं."

"खोकं बघितलंत? आधी कुणी बसवलं होतं ते माहीत आहे?"

"पन्नास वर्षं असंच करतोय."

"म्हणून तर फोटो असा आला."

हे माझं बोलणं जरा जास्तच झालं, मला कबूल आहे. दोन दिवस आमच्यात फक्त 'भाजी वाढ' आणि 'किल्ली कुठे आहे' एवढंच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी जाऊन ते हवेचं पिस्तूल उचललं आणि घरी आणून लाल मिरच्यांच्या डब्यात ठेवलं. (चाकात हवा भरायची नळी वेगळी असते बरं का, धंद्याचं नुकसान मी केलं नाही.) पोरगा विचारतो, "काकू, मग साफ कसं करायचं?"

मी म्हटलं, सडा घालून!

आणि खरंच तसंच करायचं असतं. परदेशातल्या गॅरेजना कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम हेच सांगतात: ब्रेकवर दाबाची हवा मारायची नाही, कोरडा ब्रश मारायचा नाही. ड्रमखाली पसरट घमेलं ठेवायचं. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन हलक्या हाताने सगळं भिजवायचं, जोरात फवारा मारला तर पाण्याबरोबर धूळही उडते. मग ओल्या फडक्याने पुसायचं. ते फडकं वाळू द्यायचं नाही; ओलं असतानाच पिशवीत घालून तोंड बांधायचं. जमीनही झाडायची नाही, पुसून घ्यायची. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, कारण बारीक धूळ त्याच्या मागच्या बाजूने पुन्हा बाहेर येते. त्यासाठी खास गाळणीचं यंत्र लागतं, ते महाग.

पोरगा दोन दिवसांत शिकला. ह्यांना दोन महिने लागले. आता कामाचे कपडे गॅरेजातच बदलतात, वेगळ्या बादलीत येतात, न झटकता आधी पाण्यात बुडवायचे आणि घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. तुमच्या घरी कुणी मेकॅनिक असेल, गवंडी असेल, पत्र्याचं काम करणारं असेल, तर एवढं आजपासून करा. साबण थोडा जास्त लागतो. लागू दे.

मला वाटलं, झालं, आपण जिंकलो. पण आमचा धाकटा, पुण्यात इंजिनिअर आहे, तो दिवाळीला आला आणि म्हणाला, "आई, तू गॅरेजातल्या धुळीचं काय धरून बसलीस? ड्रममध्ये साठते ती थोडी. बाकीची तुम्ही सगळे रस्त्यावर टाकत जाता."

ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. तुमच्या तरी आली होती का? आपण गाडीच्या मागच्या नळीतून निघणाऱ्या धुराला नाक मुरडतो. पण ब्रेक म्हणजे काय, तर फिरत्या लोखंडी तबकडीला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. सहाणेवर खोड उगाळावं तसं दर वेळी थोडं पॅड उगाळलं जातं, थोडी तबकडी. गंध निदान कपाळाला लागतं. हे उगाळलेलं जातं कुठे? काही चाकाला चिकटतं, काही रस्त्यावर पडतं, आणि तिसरा हिस्सा ते निम्मं हवेत तरंगतं. कण इतके बारीक की आपल्या केसाची जाडी धरा पन्नास-साठ मायक्रॉन, तर हे दहाच्या आत, कित्येक तर एक-दोन मायक्रॉनचे. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. आत असतं काय? लोखंड तर मुख्य, शिवाय स्टीलचे तंतू, ग्राफाइट, तांबं, राळ. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेकच जास्त राबतात. सुरुवातीच्या फडक्याचं कोडं ते हेच.

आता माझी कबुली. मी गाडी शिकले पंचेचाळिसाव्या वर्षी. ह्यांनीच शिकवली, आणि अजून आम्ही एका घरात राहतो हे विशेष! ह्यांचं माझ्याबद्दलचं मत एकच: "ही ब्रेकवर पाय ठेवूनच जन्माला आली." समोर कुत्रं दिसलं की ब्रेक, रिक्षा दिसली की ब्रेक, आणि मग वेळ भरून काढायला पुन्हा जोरात. २०२३ साली माझ्या गाडीचे पुढचे पॅड बदलायची वेळ आली, तेव्हा गाडी बावीस हजार किलोमीटर चालली होती. ह्यांच्या हातात असती तर चाळीस हजार सहज गेली असती, असं हे म्हणाले, आणि खोटं नव्हतं.

मी जुने चारही पॅड ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणले आणि केकचं सामान मोजायच्या काट्यावर खाली कागद टाकून ठेवले. नवा पॅड ३१० ग्रॅम, जुना २२०. एकामागे ९० ग्रॅम गेले, चारांचे मिळून ३६०. कणकेच्या दोन-तीन वाट्या म्हणा ना. एवढं लोखंड-तांबं मी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत, मंडईत, नातीच्या शाळेसमोर पेरत आले होते. शाळेसमोर तर सगळ्यात जास्त, कारण तिथेच सगळ्या आया कचकन ब्रेक लावतात.

काट्यावर हिशोब लागला तशी मी सावध झाले. आता मी जे शिकले ते सांगते, तुमच्यापैकी ज्या गाडी चालवतात त्यांच्यासाठी. ज्या शेजारच्या सीटवर बसतात त्यांनी शेजाऱ्याला सांगावं.

दूध उतू जायला लागल्यावर गॅस बंद करण्यापेक्षा साय थरथरली की बारीक करतो, तसं. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी आपण तिथवर पेट्रोल जाळत जातो आणि तिथे गेल्यावर ब्रेक मारतो. त्याऐवजी दुरूनच अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. गाडी गिअरमध्येच असू द्यायची, इंजिनच तिला ओढून धरतं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं तर त्याच्या प्रत्येक ब्रेकला आपल्याला ब्रेक लावावा लागत नाही. आणि वेग. तीसच्या वेगातून गाडी थांबवायला ब्रेकला जेवढं सोसावं लागतं, त्याच्या चौपट साठच्या वेगातून. दुप्पट नव्हे, चौपट.

घाटाचं तर विचारूच नका. यवतेश्वरचा घाट आमच्या दारातच. कासची फुलं बघायला सप्टेंबरात सगळी दुनिया वर जाते आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरते. वळणांवर जळका वास येतो ना, तो पॅडचा. आमच्या मामंजींचा नियम होता: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रल करून तर कधीच उतरू नका. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही. पण एक बजावते. पोर आडवं आलं, म्हैस आली, तर धुळीचा विचार करायचा नाही. ब्रेक असतो तो त्याच्यासाठीच.

चाकं धुवायची तर कोरड्या ब्रशने खरवडू नका, आधी पाणी सोडा. मात्र ते पाणीही कुठे जातं बघा. गटारातून ओढ्याला, ओढ्यातून वेण्णेला, आणि माहुलीला कृष्णेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला तो नेमका ह्याच्यासाठी. ब्रेकमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरत होतं आणि ते माशांना बाधत होतं. म्हणून २०२१ पासून पॅडमध्ये तांबं पाच टक्क्यांच्या आत, आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्यापर्यंतच. फक्त माशांसाठी हं! ऐकून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

युरोपने तर २०२४ साली ब्रेकच्या धुळीलाच माप लावलं. धुराला मापं पूर्वीपासून आहेत. आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आहे, पण ते धुराचं. युरोपचा हा नियम म्हणतो, नोव्हेंबर २०२६ पासून जी नवी मॉडेलं येतील, त्यांच्या ब्रेकमधून साध्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बारीक कण हवेत जाता कामा नयेत, आणि विजेवरच्या मोटारीला ३. सात मिलिग्रॅम म्हणजे किती, तर पन्नास किलोमीटरला चिमूटभर मीठ. मी माझ्या ३६० ग्रॅमना बावीस हजाराने भागून पाहिलं. किलोमीटरमागे सोळा मिलिग्रॅम, त्यातलं निम्मं हवेत गेलं धरलं तर आठ. तबकडीची झीज वेगळीच. हा ओट्यावरचा हिशोब आहे, प्रयोगशाळेतला नव्हे. पण मी नापास.

कारखानदारही कामाला लागलेत. कुणी तबकडीवर कडक मुलामा देतात म्हणजे ती कमी उगाळली जाते, जर्मनीतल्या एका कंपनीने ब्रेकवरच बसणारी गाळणी तयार केली आहे. आणि गंमत म्हणजे जुना ड्रम, ज्याला सगळे मागासलेला म्हणत होते, तो काही नव्या विजेच्या गाड्यांच्या मागच्या चाकांना पुन्हा आला. झाकण असल्यामुळे धूळ आतच राहते. मामंजी असते तर मिशीत हसले असते.

धाकट्याची गाडी विजेवरची आहे. पाय उचलला की तिची मोटरच जनित्र होते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते आणि गाडी आपोआप हळू होते. मुंबईच्या नव्या लोकलगाड्या, दिल्लीची मेट्रो ह्याच तत्त्वावर थांबतात आणि वीज तारेत परत सोडतात. हे त्याचे पॅड बघायला चाक उतरवून बसले, तर जवळजवळ नवेच. उलट वापर नाही म्हणून तबकडीवर गंजाची झाक! हे अर्धे खूश, अर्धे उदास. "म्हणजे आमचा धंदा बसणार," म्हणाले. अशी गाडी सगळ्यांना परवडते थोडीच. शिवाय ती बॅटरीमुळे जड, म्हणून तिचे टायर जास्त झिजतात, आणि टायरचीही धूळ होतेच. ते दुसरं पुराण.

गेल्या आठवड्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. नव्या पॅडवर आता चोवीस हजार झालेत. दुपारी पोरगा सायकलवरून घरी आला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"मालकांनी काट्यावर ठेवायला सांगितलंय," म्हणाला, "आणि लगेच परत आणायला. गाडी जॅकवर आहे."

२६५ ग्रॅम. निम्मा शिल्लक होता. मी कागदावर आकडा लिहून त्याच्याजवळ दिला आणि त्याला चहा-चिवडा दिला. हात आधी धुवायला लावले.

संध्याकाळी हे आले. खाकी कपड्यांची बादली स्वतःच मोरीत नेली, नळ सोडला, कपडे बुडेपर्यंत तिथे उभे राहिले. त्या कागदाचा विषयही काढला नाही. जेवताना म्हणाले, "पुढच्या सोमवारी फोटोला जायचंय, लक्षात आहे ना? दहाला नंबर आहे. गाडी तू घे."